निळ्या गाठी

पावशेतच्या सड्यावर पूर्वी झाड म्हणून उगवत नसे. गावाच्या डोक्यावर पसरलेलं ते जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात गवत आणि रानफुलं, बाकीचं वर्ष तापलेला काळा कातळ. त्याच सड्यावर दहा वर्षांपूर्वी एका कंपनीनं नव्या जातीचा अकेशिया लावला आणि आता तिथं भर एप्रिलातही सावली असे. हवेतला कार्बन शोषून घेणारं जंगल म्हणून लांबलांबची माणसं ते बघायला येत. लागवडीवर देखरेख ठेवायला कंपनीनं गावातलीच एक वनस्पतिशास्त्राची पदवीधर नेमली होती, अक्षता बाईत. तिला या झाडाचा अभिमान होता. फेब्रुवारीतल्या त्या दुपारपर्यंत तरी होता.

त्या दुपारी तिचा नवरा सुयोग हातात एक चिरा घेऊन घरी आला. सुयोग गवंडी. वरच्या वाडीतली बरीचशी घरं त्यानं आणि त्याच्या वडिलांनी बांधलेली, जांभ्याच्याच चिऱ्यांची. वाडीच्या विहिरीचं पाणी आठवडाभर पांढरट येत होतं म्हणून तो गाळ काढायला उतरला होता. खाली पाय टेकायला त्यानं भिंतीचा आधार घेतला आणि बांधकामातला चिरा त्याच्या हातात आला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, असं तो म्हणाला.

त्यानं तो चिरा ओट्यावर ठेवला. बाहेरून लालसर होता. सुयोगनं अंगठ्यानं दाबल्यावर त्याचा कोपरा गळून पडला आणि आतला भाग दिसला. आत तो पांढरा होता. खडूसारखा नाही, मेलेल्या माशाच्या पोटासारखा.

"असा दगड मी जन्मात पाहिला नाही," सुयोग म्हणाला. "तू बघितलायस कधी?"

अक्षतानं बघितला होता. सड्यावर, लागवडीत, झाडांच्या मुळांशी, वीतभर खोलीपर्यंत. तिथं तो तसा व्हायलाच हवा होता, त्यासाठीच तर झाड बनवलं होतं. पण वाडीची विहीर लागवडीपासून खूप खाली, उतारावर होती. सुयोगला तिनं एवढंच सांगितलं की आता त्या विहिरीत कुणी उतरू नका.

तिच्या भीतीचं कारण कळण्यासाठी हे झाड थोडं समजून घ्यायला हवं.

ऑस्ट्रेलियातला अकेशिया कोकणाला नवा नव्हता. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्यांच्या कडेला आणि उतारांवर तो भरपूर लावला गेला होता. सुयोगचे वडील दत्ताराम, ज्यांना सगळं घर आबा म्हणे, त्यांनी पोरवयात त्याचे खड्डे खणले होते. आपल्या बाभळीचा तो लांबचा भाऊबंद, पण त्याला पान म्हणावं असं पान नसतं. बी रुजल्यावर पहिली चार-सहा पानं चिंचेसारखी बारीक, पिसाऱ्याची येतात. मग ती यायची थांबतात आणि पानाचा देठच चपटा, रुंद होऊन पानाचं काम करू लागतो. हा देठ पाणी कमी उडवतो, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. मुळांना बारीक गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतल्या नत्राचं खत करून झाडाला देतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. म्हणून हा अकेशिया नापीक जमिनीतही वाढतो.

तरी नुसत्या कातळावर तो वाढत नव्हता. जांभ्यात झाडाला लागणारं स्फुरद असतं, पण ते लोहाच्या मिठीत अडकलेलं. डॉ. फिरदौस काझी या कंपनीच्या शास्त्रज्ञ बाईंनी गाठींतल्या जिवाणूला एक नवी कला शिकवली. तो असा रेणू सोडू लागला की जो दगडातलं लोह धरून ओढून काढतो. लोह सुटलं की स्फुरद मोकळं होतं, दगडाची माती होते, मूळ खाली सरकतं. जांभा घट्ट राहतो तो लोहामुळेच. लोह हेच त्याचं सिमेंट. ते काढून घेतलं की उरते पांढरी, मऊ चिकणमाती.

एवढा धोकादायक जिवाणू मोकळा सुटू नये म्हणून बाईंनी दोन कुलपं घातली होती. या जिवाणूला जगायला एक खास साखर लागे आणि ती फक्त या नव्या अकेशियाच्या मुळांतच तयार होई. दुसरं म्हणजे हे झाड वांझ केलेलं होतं. त्याला पिवळे तुरे येत, मधमाश्या येत, पण परागकण पोकळ असत. शिवाय ओळख पटावी म्हणून एक खूण ठेवली होती. साध्या अकेशियाच्या मुळाची गाठ कापली तर आत गुलाबी दिसते. या जिवाणूची गाठ कापली, तिला हवा लागली, की ती थोड्याच वेळात निळी पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता खुरपं आणि ब्लेड घेऊन विहिरीपाशी गेली. विहिरीच्या वरच्या अंगाला आबांच्या काळातले जुने अकेशिया होते आणि त्यांच्याखाली तरण्या झाडांचं दाट रान माजलं होतं. काही वर्षांपूर्वी उतारावर मोठा वणवा लागला होता, त्यानंतरच्या पावसात ही रोपं उगवली. लोकांना आयतं सरपण झालं म्हणून सगळे खूश होते. अक्षतानं एका तरण्या झाडाचं मूळ मोकळं केलं, मण्याएवढी गाठ खुडली आणि तळहातावर ठेवून मधोमध कापली.

आत गुलाबी होती. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. ब्लेड पुसून पिशवीत ठेवलं आणि सहज परत हाताकडे पाहिलं, तर गाठीच्या कडेनं जांभळट रेघ आली होती. बघता बघता ती आत पसरली. सगळी गाठ शाई सांडावी तशी निळी झाली.

तिनं दुसऱ्या झाडाची कापली, मग तिसऱ्या. उतरत उतरत ती वाडीपर्यंत आली. देवळामागच्या रोपट्याची गाठ निळी झाली. शाळेच्या गडग्यात, दगडी कुंपणात, फुटलेलं रोप तिनं उपटलं, त्याचीही झाली. शेवटी स्वतःच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या एका सडसडीत झाडापाशी ती बसली. ते झाड तिनंच राखलं होतं. त्याचं मूळ घराच्या जोत्याखाली गेलं होतं. त्याची गाठ कापायला तिचा हात धजेना. कापली, आणि ती निळी होईपर्यंत बघायलाही ती थांबली नाही.

डॉ. काझी तिसऱ्या दिवशी स्वतः आल्या. कंपनीला न कळवता, भाड्याच्या गाडीनं, सोबत जमिनीखालचं चित्र दाखवणारं एक यंत्र घेऊन. साठी ओलांडलेल्या, शांत बोलणाऱ्या बाई. अक्षता त्यांना दहा वर्षं ओळखत होती. त्या दिवशी मात्र पाणीही न पिता त्या थेट उताराकडे निघाल्या.

कुलूप कसं उघडलं ते अक्षतानं फोनवर निळ्या गाठींचं सांगितलं तेव्हाच बाईंना उमगलं होतं. गेल्या काही उन्हाळ्यांत सड्यावरचं तापमान कधी नव्हे इतकं चढलं होतं. त्या उष्णतेत झाडाचं वांझपण टिकत नव्हतं. काही तुऱ्यांत जिवंत पराग तयार झाले, मधमाश्यांनी ते खालच्या जुन्या झाडांवर नेले आणि त्या झाडांच्या शेंगांत दोघांची संतती वाढली. अकेशियाची शेंग कानाच्या पाळीसारखी वळलेली असते, पिकली की फुटते आणि काळं बी नारिंगी धाग्याला लोंबकळत राहतं. पाखरं तो धागा खायला येतात आणि बी लांबवर टाकतात. त्या बियांच्या झाडांना ती साखर करता येत होती. साखर जिथं गेली तिथं, पावसाच्या लोंढ्यातून नाहीतर पाखरांच्या पायांच्या मातीतून, जिवाणू गेला.

दोघींनी ते यंत्र हातगाडीसारखं ढकलत उतारावरून फिरवलं. पडद्यावर जमिनीखालचं चित्र उमटत होतं. सड्याच्या कडेला कातळाचा थर पातळ होतो, त्याच्या खाली शेडू म्हणून गिळगिळीत मातीचा थर असतो, त्यातून झरे वाहतात, हे अक्षताला माहीत होतं. पण आता त्या कातळात जागोजाग काळे डाग होते. बाई प्रत्येक डागापाशी थांबत आणि पुढे जात. वाडीच्या मागे आल्यावर डाग एकमेकांना जोडले गेले. बाईंनी यंत्र थांबवलं आणि घाम पुसला.

"हे काय आहे, मॅडम?"

"पोकळी," बाई म्हणाल्या. "दगडाची माती झाली आणि झऱ्यानं ती धुऊन नेली. तुमच्या विहिरीत पांढरं येतंय ना, ते हेच."

"मग वरचा भार कशावर आहे?"

बाईंनी वर पाहिलं. "मुळांवर. झाडांच्या मुळांनी जाळं धरलंय, म्हणून उभं आहे सगळं."

अक्षताला ते समजायला थोडा वेळ लागला. जे झाड दगड खात होतं, तेच आता उरलेला दगड धरून होतं. तोडलं तर बारीक मुळं पंधरवड्यात कुजणार, त्यांच्या जागी नळ्या मोकळ्या होणार. ठेवलं तर ते खातच राहणार. असं किती दिवस टिकेल, हे तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, दहा वर्षंही टिकेल, पुढच्या आठवड्यातही जाईल, मला सांगता येत नाही. मात्र वरच्या वाडीतली माणसं हलवायलाच हवीत आणि तोवर एकाही झाडाला हात लावू देऊ नको. सरकारला मी आजच कळवते, म्हणाल्या. त्यांनी तसं कळवलंही. पण दुसऱ्याच दिवशी कंपनीनं त्यांना कामावरून दूर केलं आणि त्यांचा अहवाल तपासासाठी दुसऱ्या समितीकडे गेला.

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. अक्षतानं निळ्या गाठी सगळ्यांसमोर कापून दाखवल्या, पोकळीची चित्रं दाखवली. ती बोलत असताना कुणी हललं नाही. भीती सगळ्यांच्याच तोंडावर आली होती. पण भीती आली की माणसाला काहीतरी करायचं असतं आणि ती सांगत होती की काही करू नका, नुसतं निघून जा. कंपनीचा माणूस म्हणाला की समितीचा निर्णय येऊ द्या, अफवा पसरवू नका. मग सुयोग उठला. जे झाड दगड खातंय ते आधी कापलं पाहिजे, एवढंच तो बोलला. सभेत एकदम जीव आला. वामनकाका शिगवण म्हणून वाडीतले जाणते गृहस्थ होते, त्यांनी लगेच कापायच्या मशिनी कुणाकुणाकडे आहेत ते विचारायला सुरुवात केली.

घरी आल्यावर अक्षतानं सुयोगला पुन्हा समजावलं. तो जोत्यावर बसून मशिनच्या साखळीला तेल घालत होता.

"राहिलं तर खाणार, तोडलं तर पडणार," तो म्हणाला. "मग माणसानं करायचं काय?"

"जायचं. घर सोडून जायचं."

"या वाडीतल्या प्रत्येक घराचा चिरा माझ्या नाहीतर आबांच्या हातचा आहे. मी लोकांना जा म्हणून सांगू?"

"हो. तू सांगितलंस तर ते ऐकतील."

त्यानं साखळीला आणखी तेल घातलं. मग म्हणाला, "मला भीती वाटते त्याची तुला कल्पना नाही. पण तुझ्यासारखं घाबरून हात बांधून बसणं मला जमणार नाही." आणि त्यानं मशिन उचललं.

तिला वाटलं होतं आबा मुलाची बाजू घेतील. आबांनी आत जाऊन आपली कपड्यांची पिशवी भरली आणि ते दारात येऊन उभे राहिले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"मला भ्या वाटतं गो बाय," ते म्हणाले. "माझा नाय आता या जमिनीवर जीव लागायचा. चल, आपण जाऊ."

सासरा आणि सून नदीकाठी खालच्या वाडीत एका खोलीत राहायला गेले. सुयोग आला नाही. वरच्या वाडीतून आणखी कुणीच आलं नाही.

उतारावर मशिनी घरघरू लागल्या. मार्च सरेपर्यंत तिथं एकही अकेशिया उभा राहिला नाही. जुने गेले, तरणे गेले, तोडलेल्या फांद्यांचे ढीग तिथंच उन्हात पडले. त्यांची चपटी पानं वाळून तांबूस, कुरकुरीत झाली. आणि काहीही झालं नाही. विहिरीचं पाणी उलट थोडं निवळलं. लोक अक्षताकडे बघून हसू लागले. वामनकाकांनी एकदा तिला थांबवून प्रेमानंच सांगितलं की शिकलेल्या माणसाला जरा जास्त दिसतं, आता घरी ये. सुयोग संध्याकाळी आबांना भेटायला येई, तिच्याशी मोजकंच बोले. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि तिला तीच बघवत नसे.

ती रोज उतारावर जाई. एप्रिलच्या सुरुवातीला तिला बुंध्यांजवळ भोकं दिसू लागली. कुजलेल्या मुळाच्या जागी हात जाईल एवढं भोक. एका भोकावर वाकली तेव्हा तिच्या तोंडावर गार हवा आली. बाहेर ऊन पेटलेलं आणि आतून ओल्या मातीच्या वासाची गार हवा, थांबत थांबत, श्वासासारखी. तिनं वाळलेलं एक पान भोकावर धरलं. ते फडफडलं. वीस पावलं खाली दुसऱ्या भोकावरही फडफडलं. म्हणजे आतून सगळं एक होतं. ती जमिनीला कान लावून पडली. कुणीतरी सुपात तांदूळ पाखडावेत तसा बारीक आवाज येत होता, न थांबता.

ती तालुक्याला फोन करत राहिली. समितीची गाडी सोमवारी येणार, असं उत्तर मिळालं.

शनिवारी सकाळी ती सड्याच्या कडेवर चढली, तर कातळावर एक चीर पडली होती. धनुष्यासारखी वाकलेली, वाडीच्या अख्ख्या रुंदीची. तिच्यात बोट जात होतं. चीर वाढतेय का, ते बघत ती तिथंच बसून राहिली. दुपारी तिनं पुन्हा हात घातला तेव्हा तो कोपरापर्यंत गेला.

ती धावत वाडीत आली. घराघरांत जेवणं चालली होती. ती प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती, आत्ता निघा, ताट ठेवा आणि निघा. दोन घरं निघाली. बाकीच्यांनी तिला पाणी दिलं, बसायला सांगितलं. वामनकाकांची बायको, सुगंधाकाकी, तिचा घामेजला चेहरा पदरानं पुसत म्हणाली की पोरी, तुझी तब्येत बिघडलीय, सुयोगला बोलावते. सुयोग शाळेच्या भिंतीला टेकू बांधत होता. तिनं त्याला कातळावरच्या चिरेबद्दल सांगितलं. तो म्हणाला, हातातलं काम झालं की वर येऊन बघतो.

अक्षता शाळेच्या रिकाम्या स्वयंपाकघरात शिरली. चुलीपाशी काडेपेटी होती.

ती काय करते आहे हे तिला पुरतं माहीत होतं. अकेशियाचं बी टणक कवचाचं असतं, मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं, रुजत नाही. रोपवाटिकेत ते पेरण्याआधी ती स्वतः त्यावर उकळतं पाणी ओतत असे, कारण कवच तडकायला उष्णता लागते. रानात तेच काम वणवा करतो. या उतारावरच्या मातीत आज लाखो बिया झोपलेल्या होत्या आणि त्यातल्या कितींच्या पोटात ती साखर होती कुणास ठाऊक. आग लावली तर येत्या पावसात त्या सगळ्या जाग्या होणार होत्या. पाखरांनी नेलेल्या, शेजारच्या गावांच्या हद्दीतल्यासुद्धा. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि तिनं वाडीच्या वरच्या अंगाला, फांद्यांच्या पहिल्या ढिगात काडी टाकली.

दुपारचा वारा समुद्राकडून वर चढत होता. आग घरांकडे येणार नाही, वर जाईल, हे तिनं पाहिलं होतं. वाळलेल्या पानांनी फटाक्यांसारखा पेट घेतला. धुराचा लोट उठला. वाडीत ओरडा झाला. बायका पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन खाली पळत सुटल्या, आणि तिला वाटलं, झालं, वाचले सगळे.

मग तिनं पुरुष पाहिले. ते वर येत होते.

वणवा लागला की गावातले पुरुष हिरव्या डहाळ्या घेऊन त्याच्यावर धावतात. पिढ्यान् पिढ्या धावत आलेत. तिनंही लहानपणापासून पाहिलं होतं. तरी त्या क्षणी तिला ते सुचलं नव्हतं. वीस-पंचवीस माणसं त्या पोकळ उतारावर, चिरेच्या बरोबर खाली, डहाळ्या आपटत चढत होती. पुढे वामनकाका होते. मागे सुयोग.

ती त्यांच्या आडवी धावली. ओरडली, परत फिरा. कुणी ऐकेना. आगीच्या आवाजात तिचा आवाज पोचत नव्हता, पोचला तरी वरची एवढी आंब्याची कलमं जळू द्यायची का, असं म्हणून ते पुढे जात होते. पायाखाली तो पाखडण्याचा आवाज आता कान न लावताही तिला ऐकू येत होता. तिनं काडेपेटी वर धरली.

"मी लावलीय," ती म्हणाली. "ही आग मी लावलीय."

सगळे थांबले. सुयोगच्या हातातली डहाळी खाली आली.

"काय म्हणालीस?"

"मीच लावली. आणि खाली जाऊन तुझं घरही पेटवणार आहे. अडव मला."

ती वळली आणि उतारावरून पळत सुटली. पाठीमागे एकदम कालवा उठला, शिव्या, पावलं. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती आणि पाठीवर येणारी ती पावलं कमी झाली तर, याची भीती त्याहून मोठी होती. ती शाळेवरून, देवळावरून, रस्त्याच्या वळणापर्यंत पळाली. तिथं सुयोगनं तिचा दंड धरून तिला फिरवलं. त्याचा हात उगारलेला होता. त्याच्या मागे बाकीचे धापा टाकत येत होते.

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं कापड फाटावं तसा झाला. सुयोगच्या खांद्यावरून तिला सड्याची कड दिसत होती. ती कड आगीसकट शांतपणे खाली बसली. मग वाडी सरकू लागली. घरं पडली नाहीत, विरघळली. चिरे एकमेकांना धरून राहिलेच नाहीत. लाल आणि पांढऱ्या चिखलाचा एक लोट शाळेला घेऊन नदीच्या बाजूला गेला आणि वळणाच्या अलीकडे थांबला. धुळीत कुणाला कुणी दिसेना. सुयोगचा उगारलेला हात अजून तसाच वर होता.

धूळ बसल्यावर माणसं मोजली. वामनकाका नव्हते. कुणीतरी सांगितलं, ते म्हणाले होते, तुम्ही धरा तिला, मी एवढा पट्टा विझवून येतो.

त्यानंतर पावशेतची माणसं हमरस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. पाऊस झाला तसा जळालेला उतार, नदीकाठ, पलीकडच्या गावांची कुरणंसुद्धा पिसाऱ्यासारख्या कोवळ्या पानांनी हिरवीगार झाली. अक्षता बायकांना घेऊन रोज रोपं उपटायला जाई. देठ चपटे व्हायच्या आत, मुळं खोल जायच्या आधी, ती उपटायची होती. एका बाजूनं उपटत जावं तर दुसऱ्या बाजूनं नवी दिसत. डॉ. काझी सरकारच्या बोलावण्यावरून परत आल्या होत्या, जिल्हाभर हिंडत होत्या. आणखी दोन सड्यांच्या उतारांवर निळ्या गाठी सापडल्या होत्या. तिथल्या लोकांना झाडं तोडू नका म्हणावं की गाव सोडा म्हणावं, की दोन्ही, यावर बैठका चालू होत्या.

सुयोग महिनाभर तिच्याशी बोलला नाही. चौकशीसाठी तिला बोलावणं आलं, त्या सकाळी मात्र तो तयार होऊन बाहेर उभा होता. आबाही निघाले होते. अधिकाऱ्यापुढे तिनं आग आपण लावली, हे सरळ सांगितलं. अधिकाऱ्यानं बाहेर थांबलेल्या गावकऱ्यांना एकेक करून विचारलं. तिच्यामागे शिव्या देत धावलेल्या एकानंही काही पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात वणवे लागतातच, असं सगळ्यांनी सांगितलं. फक्त सुगंधाकाकीनं काही सांगितलं नाही. मला दोन दिवस द्या, ती म्हणाली.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती अक्षताच्या शेडमध्ये आली. सुयोग उठून बाहेर गेला. काकी समोर बसली. नवरा गेल्यापासून ती गावातल्या कुणाशी बोलली नव्हती.

"एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "तू आग लावली नसतीस तर तो सडा त्या दिवशी पडला असता का?"

अक्षतानं डॉ. काझींनाही हेच विचारलं होतं. आगीची धग, एवढ्या माणसांची पावलं, यानं तो चार दिवस आधी पडला असेल का? बाईंना सांगता आलं नव्हतं. सोमवारी समिती येणार होती. कदाचित ती माणसांना हलवणार होती. कदाचित रविवारी सगळे झोपेत गेले असते.

"मला माहीत नाही, काकी," ती म्हणाली. "रोज विचार करते. खरंच माहीत नाही."

काकी तिच्याकडे बघत राहिली. अक्षताचा तळहात जमिनीवर टेकलेला होता, बसल्या बसल्या ती जमीन चाचपत होती.

"अजून भीती वाटते तुला?"

"सारखी."

काकीनं मान हलवली. ती उठली आणि निघून गेली. थोड्या वेळानं ती परत आली ती आपली वळकटी घेऊन. तिनं ती अक्षताच्या अंथरुणाशेजारी पसरली.

"आमच्या ह्यांना कधी भीती वाटली नाही," ती म्हणाली. "साहेबांना मी सगळ्यांसारखंच सांगेन. आणि मी आता इथंच झोपेन. तुला काही वाटलं तर मला हलव. मी विचारत बसणार नाही, उठून चालू लागेन."

ती आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. अक्षतानं तिच्या अंगावर गोधडी टाकली आणि ती बसून राहिली.